वजा एक

१

पाहुणे यायचे असले की बाई आधी घर आवरते. चादर ताणते, कोपऱ्यातली जळमटं काढते, टवका उडालेला कप फडताळात मागे सरकवते. हे कुणी शिकवावं लागत नाही. रबाब गेले दहा दिवस हेच करत होती. फरक एवढाच की तिचं हे घर कॉम्प्युटरच्या आत होतं, आणि पाहुणे किती येतील याला मोजदादच नव्हती.

तिने आणि वगीहने मिळून एक व्हिडिओ गेम केला होता. नाव ‘सुफ्रा’, म्हणजे जेवणाचं टेबल. मागे कंपनी नाही, साहेब नाही. दोन माणसं, दोन कॉम्प्युटर आणि अकरा वर्षं. रबाब शाळेत गणित शिकवायची. चाळिशीत पुस्तकं आणून, रडून, चिडून ती एकटीच्या बळावर प्रोग्रॅमिंग शिकली. ‘आता या वयात?’ असं ज्यांनी नाक मुरडून विचारलं होतं, त्यांची पोरं आज तिच्याकडे शिकायला येत होती.

गेम साधाच. उन्हाळ्याची दुपार, उन्हामुळे खिडक्या ओढून घेतलेल्या, आणि वीज जाते. तुम्ही घरातली आई. स्वयंपाकघरातून ताट घेऊन लांबलचक काळोख्या पॅसेजमधून जेवणाच्या खोलीत जायचं. दिसत काही नाही, नुसतं ऐकायचं. आजीचा खोकला. बापाच्या हातातलं वर्तमानपत्र. मुलीचा ग्लासवर वाजणारा चमचा, टिंग टिंग. तिघंही टेबलाशी आली की गेम म्हणतो, ‘सगळे आले’, आणि दिवे लागतात. संपलं. ना भूत, ना बंदूक. पण अलेक्झांड्रियात ज्याने विजेचे हाल काढलेत, त्याला तेवढ्यानेही गलबलून यायचं. आणि ज्यांनी ते हाल कधी पाहिले नाहीत, अशीही माणसं जगभरातून पत्रं लिहायची.

वगीह दोन वर्षांपूर्वी गेला. हृदयाचा झटका, वय सत्तेचाळीस. एकटीने गेम चालवणं रबाबला झेपेना. तेव्हा तिने जाहीर केलं की महिनाअखेरीला ‘सुफ्रा’चा सोर्स कोड, म्हणजे गेमची सगळी आतली शिवण, लोकांसाठी खुली करणार. ज्याला हवी त्याने न्यावी, उसवावी, दुरुस्त करावी, आपली म्हणून पुढे वाटावी. दिलेला शब्द परत घेणाऱ्यांतली ती नव्हती.

म्हणून ही आवराआवर. पासवर्ड काढायचे, शिव्या काढायच्या, आपल्या लाजिरवाण्या चुका नीट करायच्या. वगीहला कोडच्या मधेमधे टिपा लिहून ठेवायची खोड होती. ‘इथे हात लावलास तर चहा तू करायचा.’ ‘हे का चालतं ते मला माहीत नाही, तू विचारू नकोस.’ रबाब एकेक वाचून हसायची, डोळे पुसायची, आणि पुढच्या फायलीकडे जायची.

मंगळवारी ती माणसं मोजणाऱ्या फायलीवर आली. टेबलाशी किती जण आलेत ते हा तुकडा मोजायचा. मोजून झालं की खाली एक ओळ होती: आलेल्या आकड्यातून एक वजा.

कशाला? माणसं तीन, खुर्च्या तीन. तिने आकडा छापून पाहिला. मोजणी चार सांगत होती.

ओळीच्या वर वगीहची टीप होती. आठ वर्षांपूर्वीची. हिच्यात विनोद नव्हता.

‘एक वजा कर. काढू नकोस, रबाब. मी काढून पाहिलंय.’

२

बुधवारी ती मुहर्रम बे भागात वगीहच्या आईकडे गेली. वकील म्हणाला होता, वगीहचा अर्धा वाटा आता त्याच्या आईचा. तिची सही नसेल तर कोड खुला करता येणार नाही. शिवाय गेममध्ये ज्यांचे ज्यांचे आवाज आहेत, त्या सगळ्यांची लेखी परवानगी हवी.

तांत इन्साफ, म्हणजे इन्साफमावशी, ऐंशीची होती, पण जीभ विशीतली.

“आलीस? दोन वर्षांनी? मला वाटलं, माझ्याच मयतीला येशील.”

“तांत, फोन तर करते ना मी दर सणाला.”

“फोन काय, गॅसवालाही करतो. बस. वाळलीस किती! नवरा खायला घालत नाही का?”

चहा झाला, बिस्किटं झाली, वगीहच्या फोटोपुढच्या दिव्यात तेल घालून झालं. म्हातारीने चष्मा शोधून कागदावर सही केली, एकेक अक्षर कोरत.

“म्हणजे आता कुणीही नेऊ शकतं? आपापल्या घरी?”

“हो. ज्याला हवं त्याला.”

“तो असता तर दिलं असतं का गं त्याने?”

“का नाही? तो तर बसची तिकिटंसुद्धा लोकांना वाटायचा.”

म्हातारीने सही केलेला कागद पुढे सरकवला. रबाबने दुसरा कागद काढला. “आता आवाजांचं. खोकला माझ्या सासूबाईंचा. त्यांची सही झाली. वर्तमानपत्र नवऱ्याचं, शौकीचं. राहिला चमचा. त्या फाईलचं नाव वगीहने ‘मारीनाचा चमचा’ असं ठेवलंय. ही मारीना कोण? मला वाटायचं, त्याने पैसे देऊन कुणी नटी आणली असेल. तिचा पत्ता आहे का तुमच्याकडे?”

“मारीना?” तांत इन्साफचा हात बिस्किटाच्या बशीवर थांबला. “नाही बाई. आमच्यात कुणी मारीना नाही.”

“शेजारी? भाची?”

“आम्ही दोघंच होतो. तो आणि मी. पहिल्यापासून.”

निघताना रबाब दाराशी वाकून चपला घालत होती, तेव्हा तिला ते दिसले. दाराजवळच्या मांडणीत सगळ्यात खाली काळे बूट. शाळकरी मुलीचे, पट्ट्याचे. जुने, पण पॉलिश करून आरशासारखे लख्ख केलेले.

“हे कुणाचे, तांत?”

“देव जाणे. वगीह टाकू द्यायचा नाही. दर रविवारी चर्चला जाण्याआधी पॉलिश करायचा. वेडा होता तो.” मग जरा थांबून, बुटांकडे न बघता ती म्हणाली, “आता मी करते. का करते, विचारू नकोस. हाताला सवय लागली.”

३

आता सांगा, शहाण्या माणसाने त्या ओळीचं काय केलं असतं?

रबाबने ती काढली. तिला काही दोष देता येणार नाही. गणिताच्या बाईला ‘का ते विचारू नका, एक वजा करा’ हे कसं खपावं? चार येतात तर चार का येतात ते शोधायचं. झाकायचं नाही. उद्या जगभरचे लोक हे वाचणार, आणि वाचून म्हणणार, या बाईला तीनपर्यंत मोजता येत नाही. तिने रात्रभर शोध घेतला, चौथा कुठून येतो ते सापडलं नाही. शेवटी गुरुवारी दुपारी तिने टीप आणि ओळ दोन्ही पुसली, आणि गेम चालवून पाहिला.

छान चालला. उलट थोडा आधीच सुटला. आजी खोकली, पान उलटलं, आणि चमचा वाजायच्या आतच अक्षरं उमटली: ‘सगळे आले’. दिवे लागले. टेबलाशी आजी होती, बाप होता, आणि तिसरी खुर्ची थोडी मागे ओढलेली होती. मुलगी अजून पॅसेजमध्ये उभी होती.

‘हे शनिवारी नीट करू,’ असं रबाबने वहीत लिहिलं.

शुक्रवारी नमाजानंतर घरी मासे असतात. कांदा काळपट होईतो परतून केलेला तपकिरी भात, वर तळलेला बोरी मासा. रबाबने थाळा उचलला, तोच जेवणाच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला.

“ये गं, आण लवकर. सगळे बसलोय.”

ती आत गेली. सासूबाई नेमत बसल्या होत्या, शौकी बसला होता. तिसरी खुर्ची रिकामी होती.

“जुमाना कुठाय?”

“ही काय,” शौकी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला. मग मान वर केली. “आत्ता इथेच होती.”

“मला तर आंघोळीचं पाणी ऐकू येतंय.”

“मग गेली असेल उठून.”

रबाबची एकोणीस वर्षांची लेक, जुमाना, ओले केस पुसत आली. “मला सोडून सुरू केलंत? वा! एकुलती एक आहे मी, विसरलात का?”

“तुझ्यावाचून इथे घास कुणी गिळतं का? बस,” तिची तेता, म्हणजे आजी, म्हणाली.

जुमाना बसली. तिने आपल्या ताटाकडे पाहिलं. “माझी भाकरी कुणी मोडली?”

ताटातली भाकरी मोडलेली होती. एक छोटा तुकडा काढून बाजूला ठेवला होता, लहान मुलं ठेवतात तसा.

“तूच मोडलीस,” शौकी म्हणाला. “मी बघितलं.”

४

आता यात घाबरण्यासारखं काय आहे? काही नाही. सासूबाईंना मोतीबिंदू. शौकीला घरात हत्ती शिरला तरी दिसायचा नाही, बंदराच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून तो वर्तमानपत्राच्या आतच राहायला गेलेला. उकाडा असा की माणसाचं डोकं तसंही चालत नाही. रबाबने स्वतःला हे सगळं क्रमाने सांगितलं, आणि ते पटलंही.

शनिवारी जुमाना कॉलेजातून आली ती हसत. “ममा, आज गंमत झाली. चित्रकलेच्या तासाला हजेरी. माझं नाव घेतलं. मी हात वर करणार, तोच मागून कुणीतरी ‘हजर’ म्हणालं. सरांनी खूण केली आणि पुढे गेले.”

“कोण म्हणालं?”

“कुणी नाही. मागे भिंतच आहे.”

संध्याकाळी खालून बेल वाजली. इमारतीचा रखवालदार अम रिझ्क, म्हणजे रिझ्ककाका. जुमानाला त्याने रांगताना पाहिलेलं, त्याच्या खांद्यावर बसून ती ट्राम बघायला जायची. त्याने खालूनच ओरडून विचारलं, “सित्त रबाब, खाली एक पोरगी आहे. तुमच्याकडे यायचं म्हणते. पाठवू?”

“कोण पोरगी?”

खालून जुमानाचा चिडलेला आवाज आला. “अम रिझ्क! मस्करी पुरे हं!”

“अरे, जुमाना का? माफ कर बेटा. तू तर आत्ताच वर गेलीस ना, म्हणून म्हटलं.”

रबाब जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. चार मजले जुमानाच्या पावलांचा आवाज ऐकत राहिली. एकाच माणसाची पावलं होती. तिने नीट मोजली.

रविवारी सकाळी शौकी रेशनच्या भाकऱ्या घेऊन आला. माणशी पाच. वीस होत्या. तिने पुन्हा मोजल्या. वीसच. चार माणसं, वीस भाकऱ्या. हिशेब कुठेही चुकत नव्हता. वाईट काय असेल तर तेच होतं. आकडा चुकला असता तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. आकडा बरोबर होता, म्हणून कुणी मान वर करून बघतच नव्हतं.

दुपारी जुमाना तिच्याजवळ येऊन बसली. हसत नव्हती.

“ममा, तेताने आज मला विचारलं, तू कुणाची गं?”

“वय झालंय बाळा.”

“मग म्हणाली, ‘आमची जुमाना आत झोपलीय, आवाज करू नकोस.’”

५

तेव्हा रबाबला वगीहची एक गोष्ट आठवली.

आठ वर्षं तो त्यांच्याकडे जेवला नव्हता. आधी दर शुक्रवारी यायचा, सासूबाईंशी भांडून माशाचं डोकं मिळवायचा. मग एकदम बंद. आला तर दारातच उभा. आणि तिथूनच, नाव घेऊन घेऊन, एकेकाची चौकशी: “तांत नेमत आहेत? शौकी? जुमाना? बाहेर बोलाव बरं तिला, बघू दे किती उंच झाली.” प्रत्येकाला डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो हलायचा नाही. सासूबाई म्हणायच्या, बघा, याला म्हणतात संस्कार.

आठ वर्षं. टिपेवरची तारीख. आणि मांडणीतले ते लख्ख बूट, जे कुणाचेच नव्हते.

रबाब धावतच कॉम्प्युटरकडे गेली. ओळ परत घातली. एक वजा. टीप परत घातली, वगीहच्या शब्दांत. त्याखाली आपली घातली: ‘मीही काढून पाहिलं. कृपा करून हात लावू नका. — रबाब.’

तिने गेम चालवला. खोकला. पान. आणि मग, वेळेवर, टिंग टिंग. ‘सगळे आले’. तिन्ही खुर्च्या भरलेल्या.

त्या दिवशी जेवताना सासूबाईंनी आपल्या ताटातला माशाचा काटा काढलेला तुकडा जुमानाच्या ताटात टाकला. “खा. कागदासारखी पातळ झालीस. तिकडे कॉलेजात रंग खातेस की काय?” जुमाना रबाबकडे बघून हसली. रबाबला रडू आलं, आणि कांद्यावर ढकलायची सोय नव्हती, कारण कांदा शिजलेला होता.

“कोड खुला करू नये असं वाटतंय,” ती शौकीला म्हणाली.

त्याने चक्क वर्तमानपत्र खाली ठेवलं. “का?”

काय सांगणार? ‘चौथा आहे कुणीतरी’ असं म्हणणार? स्वतःच्या कानाला ते इतकं वेड्यासारखं वाटलं की तिला स्वतःचाच राग आला.

“सगळ्या दुनियेला सांगून बसलीस,” शौकी म्हणाला. “म्हातारीला सही करायला लावलीस. आता नको? तुझा तो ओळीचा घोळ मिटला ना?”

“मिटला.”

“मग?”

ओळ जागेवर होती. टीप होती. ताकीद होती. मारीनाची सही तेवढी नव्हती; ती देणारं कुणी सापडलंच नव्हतं. आणि शब्द दिलेला होता. सोमवारी सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात, जुमानाला शेजारी बसवून, तिने ‘सुफ्रा’ खुला केला. पहिल्या तासात ऐंशी जणांनी आपापली प्रत नेली. कुणी फुलं पाठवली, कुणी वगीहसाठी प्रार्थना. रबाबला वाटलं, पाहुणे आले, घर बघितलं, आणि कुणी नाव ठेवलं नाही.

६

दहा दिवस सगळं ठीक होतं. रबाब रोज तिघांना नाव घेऊन हाक मारायची, तिघंही ओ द्यायची.

अकराव्या दिवशी अल्जीरियातल्या ओरान शहरातून एका झुबैर नावाच्या माणसाचा निरोप आला.

‘खाला रबाब, तुमचा गेम म्हणजे माझं लहानपण. आभार. थोडी साफसफाई केली आहे. माणसं मोजायच्या जागी एक फुकटची ओळ होती, ती उडवली. वरच्या टिपाही काढल्या, नव्या पोरांना उगीच भीती वाटते. आता गेम झटपट सुटतो. तुमच्या मूळ प्रतीत घालून घ्या.’

आता या लोकांची जातच अशी. न विचारता दुसऱ्याच्या घरातला पसारा आवरायचा आणि वर कौतुकाची वाट बघायची. रबाबला तर हे कळायलाच हवं होतं. ती त्यांच्यातलीच एक. ‘हात लावू नका’ असं लिहिलेलं दिसलं की या लोकांचा हात आधी तिथेच जातो.

तिने नकार कळवला. नुसता नकार नाही, विनवलं. ‘बाबा रे, ती ओळ तुझ्याही प्रतीत परत घाल.’

‘कारण सांगाल का?’

‘कारण नाही. मोठी म्हणून सांगते.’

‘खाला, रागावू नका. परवान्यात तुम्हीच लिहिलंय: वापरा, बदला, वाटा. माझी प्रत माझी आहे. आणि लोकांना तीच आवडतेय.’

खरंच आवडत होती. त्याच्या स्वच्छ प्रतीवरून सतरा जणांनी प्रती काढल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तीनशे चाळीस. पुढचा शुक्रवार उजाडेपर्यंत दोन हजारांवर. जगात कुठे कुठे, कुणाकुणाच्या खोल्यांत, पॅसेज काळोखे होत होते, आजी खोकत होती, आणि चमचा वाजायच्या आत दिवे लागत होते. परत बोलवायची काही सोय नव्हती. सोडलेला बाण निदान एकच असतो.

रबाबने शेवटचं म्हणून झुबैरला विचारलं, ‘तुझ्या घरी कोण कोण असतं?’

‘आई, बाबा, मी आणि दोन बहिणी,’ त्याने लिहिलं. मग थोड्या वेळाने: ‘एक बहीण. एकच. दोन का लिहिलं कुणास ठाऊक. झोप कमी पडतेय. हसू नका हं, खाला.’

रबाब हसली नाही.

७

शुक्रवार. दुपारचे दोन. वीज गेली. रोजचीच वेळ, त्यात नवल नव्हतं.

खिडक्या उन्हामुळे ओढलेल्या. पॅसेजमध्ये एवढाच उजेड, की भिंत कुठे संपते ते कळावं. रबाबने भाताचा थाळा उचलला. जेवणाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. वरच्या अर्ध्या भागात जुनी दुधी काच. आत रस्त्याकडची खिडकी, त्यामुळे काच मंद उजळलेली.

“जुमाना!” तिने हाक मारली.

“आले!” असं उत्तर आलं. पण कुठून आलं ते तिला कळलं नाही.

ती चालू लागली. मनाला सांगत राहिली: ओळ जागेवर आहे, सकाळीच बघितली. माझ्या घरात माझी प्रत. दुसऱ्याच्या प्रतीशी माझा काय संबंध?

आतून खोकला आला. एक.

वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज. दोन.

टिंग टिंग.

रबाबचे पाय थांबले. जुमाना चमचा वाजवत नाही. कधीच नाही. लहानपणी एकदा वाजवला होता, तेव्हा आजीने असा काही डोळा वटारला होता की पुन्हा तिची छाती झाली नाही.

“ये गं रबाब,” सासूबाई आतून म्हणाल्या. आवाज खुशीत होता. “सगळे आलो. पोर भुकेली झालीय.”

“ममा?”

हा आवाज मागून आला. रबाब वळली. जुमाना आपल्या खोलीच्या दारात उभी होती. हाताला निळा रंग लागलेला, केस पेन्सिलीने बांधलेले, अनवाणी.

“मी ओ दिली तरी कुणी ऐकलं नाही. आत कोण आहे?”

“बाबा आणि तेता.”

“आणि?”

रबाबने थाळा जमिनीवर ठेवला. पितळ फरशीला लागून वाजलं. आतला चमचा थांबला.

दुधी काचेत तीन डोकी दिसत होती. एक सासूबाईंचं, रुमाल बांधलेलं. एक शौकीचं, वर्तमानपत्राशी झुकलेलं. आणि दाराकडे पाठ असलेल्या खुर्चीत तिसरं, खुर्चीच्या पाठीवरून जेमतेम वर येणारं.

“जुमाना, बाळा,” आत सासूबाई त्या तिसऱ्या डोक्याला म्हणाल्या, फार मायेने, “मागे काय बघतेस? आईच आहे.”

ते डोकं वळलं होतं. काचेपलीकडून तोंड दिसत नाही. पण ते इकडे होतं, एवढं नक्की.

रबाबने मागे हात नेऊन जुमानाचा हात पकडला. रंग ओला होता, बोटं चिकटली. तिने तो हात असा आवळला की जुमाना “आई गं” म्हणाली.

“ममा, दुखतंय.”

“गप्प. माझ्याजवळून हलू नकोस.”

“पण माझ्या जागेवर—”

“गप्प म्हणते ना!”

कॉम्प्युटर बंद होता. वीज नव्हती. दोन हजार घरांत जाऊन दोन हजार ओळी परत घालायला माणूस नव्हता. उरलं होतं ते तोंड. गणिताच्या बाईने आयुष्यभर पोरांकडून पाढे म्हणून घेतले होते. तिने ती ओळ म्हटली. आधी पुटपुटत, मग मोठ्याने.

“एक वजा. एक वजा. एक वजा कर.”

आत खुर्ची सरकली. लाकडाची, फरशीवर, लांब. कुणीतरी उठलं होतं.

“अरे, चाललं कोण?” शौकीचा आवाज आला.

रबाबने काचेकडे पाहिलं नाही. काचेत आता किती डोकी उरली ते तिला बघायचं नव्हतं. ओळीने एक वजा करायला सांगितलं होतं. कुठला, ते वगीहनेही कधी लिहिलं नव्हतं. ती त्या काळोखात मान खाली घालून आपल्या मुठीकडे बघत होती. निळा रंग अजून ओला होता. आणि मुठीत धरलेला हात मघापेक्षा हलका लागत होता की काय, ते ठरवायला ती बोटं आणखी आवळत होती.